साप, आमदार आणि आमची समिती

आमच्या धंद्यात किस्से साठतात ते औषध कंपन्यांच्या सॅम्पलसारखे. कुणी मागितलेले नसतात, कुणी सांभाळतही नाही, आणि एक दिवस ड्रॉवर उघडावा तर तो पुन्हा बंदच होत नाही! त्यात तुम्ही डॉक्टरांच्या एखाद्या समितीवर असाल, तर मग बघायलाच नको. मी आहे. नारायण पेठेत लहान मुलांचा दवाखाना चालवते आणि उरलेल्या वेळात आमच्या संघटनेच्या 'विधिमंडळ पाठपुरावा समिती'त बसते. नागपूरचं हिवाळी अधिवेशन जवळ आलं की आरोग्याचे प्रश्न आमदारांच्या कानावर घालायचे, एवढंच या समितीचं काम. एवढंच म्हणजे नेमकं किती, ते आम्हाला यंदा कळलं.

*

समितीचे अध्यक्ष अण्णा. निवृत्त सर्जन. ऑपरेशनं थांबवून बरीच वर्षं झाली, पण जिभेची धार जशीच्या तशी आहे. बैठक त्यांच्याच बंद झालेल्या दवाखान्यात, पेशंटच्या बाकांवर बसून होते.

पहिल्या बैठकीला जो तो आपापली मागणी घेऊन आला. कुणाला फायरच्या परवानगीचा जाच, कुणाला जैव कचऱ्याची गाडी वेळेवर येत नाही म्हणून संताप. आमच्या एका स्किनवाल्यांनी तर दवाखान्यासमोर पार्किंग मिळावं, अशी मागणी मांडली.

अण्णा म्हणाले, "लक्ष्मी रोडवर पार्किंग? त्याला विधानसभा पुरायची नाही. नवस बोला."

मग त्यांनी सगळ्यांना झापलं. "पेशंट आला की आपण पहिलं काय विचारतो? मुख्य तक्रार काय? एकच! सगळंच अंग दुखतंय म्हणणाऱ्याला आपण काय देतो?"

"व्हिटॅमिनच्या गोळ्या," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग सरकारही तेच देईल!"

तोवर कोपऱ्यात गप्प बसलेले डॉ. कांबळे उठले. हे शहराबाहेरच्या मांजरी गावचे जनरल प्रॅक्टिशनर. उसातले मजूर, नव्या सोसायट्यांतले लोक, सगळे त्यांचेच पेशंट. माणूस अत्यंत कमी बोलणारा.

"गेल्या हंगामात उसात काम करणारी एक बाई माझ्याकडे आणली," ते म्हणाले. "घोणस चावली होती. माझ्या एवढ्याशा दवाखान्यात ते इंजेक्शन ठेवणं झेपत नाही. पुढच्या गावच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तर तिथलं संपलेलं. त्याच्या पुढच्यात होतं, पण द्यायला कुणी धजावेना. म्हणाले, मोठ्या हॉस्पिटलला न्या. नेताना ट्रॅफिकमध्ये गेली. माझी मागणी एकच आहे. खेड्यातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात सर्पदंशाचं इंजेक्शन कायम असलं पाहिजे आणि ते द्यायला शिकलेला माणूस असला पाहिजे."

एवढं बोलून ते खाली बसले. पार्किंगवाल्यांनी आपला कागद हळूच घडी करून खिशात घातला. मला त्या क्षणी आमच्या सगळ्या मंडळींचा फार अभिमान वाटला, कारण त्यानंतर दुसऱ्या मागणीचं नाव कुणीही काढलं नाही.

*

मागणी ठरली, पण निवेदनाचा मजकूर लिहायचा कुणी? आम्ही एका फिजिशियनांना गळ घातली. माणूस हुशार, पण जन्मात कधी कुठलं विधान छातीठोकपणे केलेलं नाही. पेशंटला ताप असला तरी 'ताप असल्यासारखं दिसतंय' असं म्हणणारे! त्यांनी आठवडाभर खपून मसुदा आणला. पहिलंच वाक्य असं होतं : 'सर्पदंशावरील इंजेक्शनचा साठा ठेवणे बहुधा उपयुक्त ठरू शकेल, तथापि अन्य शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाहीत.'

अण्णांनी चष्मा काढला. "अहो, हे वाचून चावलेल्या सापालासुद्धा शंका येईल, की आपण नक्की चावलो का?"

फिजिशियन जराही रागावले नाहीत. "तशीही शक्यता असते अण्णा. काही दंशांत विष सोडलेलंच नसतं."

शेवटी मजकूर कांबळेंनीच लिहिला. चार ओळी. फिजिशियनांनी त्यात एक तरी 'बहुधा' राहू द्या म्हणून शेवटपर्यंत किल्ला लढवला.

*

समितीत सगळ्यात तरुण स्नेहा. हिंजवडीत एका मोठ्या आयटी कंपनीच्या कॅम्पसवर डॉक्टर आहे. सकाळपासून पाठदुखी आणि ॲसिडिटी बघते, त्यामुळे सापाचा विषय निघाल्यावर तिला हुरूपच आला. म्हणाली, "सर, मी प्रॉपर प्रेझेंटेशन करते. डेटा, इन्फोग्राफिक्स, एकदम क्रिस्प!"

प्रेझेंटेशनच्या दिवशी आम्ही सगळे जमलो आणि स्नेहाचा पत्ता नाही. तासाभराने धापा टाकत आली. "सॉरी सॉरी! अण्णा, हिंजवडीचा ट्रॅफिक म्हणजे ना, लिटरली हॉरिबल! मी कधीची निघालेय माहितीये?"

"अंदाज आहे," अण्णा म्हणाले. "तू निघालीस तेव्हा अधिवेशन जाहीर झालं नव्हतं."

प्रेझेंटेशन क्रिस्प होतं म्हणे. सापांच्या जाती, विषाचे प्रकार, जगाचा नकाशा, पुन्हा साप. संपतच नव्हतं! अर्ध्यात अण्णांनी विचारलं, "बाई, आमदारांना हे सांगायचंय की त्यांची परीक्षा घ्यायचीये?"

पोर हिरमुसली. पण दुसऱ्याच दिवशी तिने सगळं काढून टाकून एकच स्लाइड ठेवली. त्यात फक्त उसाच्या फडापासून मोठ्या हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता होता. अण्णांनी ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "आता झालं." अण्णांच्या तोंडून एवढं ऐकायला त्यांचे विद्यार्थी पूर्वी एमएस होईपर्यंत वाट बघायचे.

*

मग रंगीत तालीम! अण्णा आमदार झाले. प्रत्येकाने त्यांच्यासमोर तीन मिनिटांत विषय मांडायचा.

मी पहिली गेले. चांगलं बोलत होते. तेवढ्यात आमदार झालेल्या अण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "अजिबात दुखणार नाही हं! झालंच आता!" सगळे हसून गडाबडा लोळायचे बाकी राहिले.

माझ्यानंतर आमचे मानसोपचारतज्ज्ञ. ते समोर बसले, मान किंचित कलती केली आणि अगदी मायेने म्हणाले, "सर्पदंशाबद्दल आपल्याला काय वाटतं?" झालं! अण्णा जे सुरू झाले, ते लहानपणी आजोळी पाहिलेल्या धामणीपासून सुरू झाले. तीन मिनिटं संपली, मागणीचा उच्चारही नाही.

"तुमच्याकडे आल्यावर आमदारांना फार बरं वाटेल," अण्णा नंतर त्यांना म्हणाले. "पेशंटचं तेवढं राहून जाईल."

शेवटी कांबळे. आत आले, एका वाक्यात मागणी सांगितली आणि उठले.

"अहो, तीन मिनिटं होती!"

"पेशंट खोळंबलेत माझे," म्हणाले आणि गाडीला किक मारून मांजरीला निघून गेले. आम्ही ठरवून टाकलं की आमदारांसमोर अण्णाच बोलतील. कांबळेंनी नुसतं सोबत यायचं.

*

भेटीची वेळ मागायला आमच्या भागातल्या आमदारांच्या पीएला मीच फोन केला.

"विषय काय मॅडम?"

"साप," मी म्हटलं. त्यांनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. "पत्ता सांगा!" मी अण्णांच्या दवाखान्याचा सांगितला, म्हटलं भेटीचं पत्र पाठवणार असतील.

अर्ध्या तासात दारात एक तगडा माणूस हजर. हातात लांब आकडा, खांद्याला पिशवी. "कुठं हाय?" म्हणाला.

अण्णा शांतपणे पेपर वाचत होते. "कोण?"

"साप! आमदारसाहेबांच्या हापिसातून फोन आला. बाकड्याखाली हाय का?"

"बाकड्याखाली नाही," अण्णा म्हणाले. "नागपूरला न्यायचा आहे."

तो सर्पमित्र होता. त्याला बसवून, चहा पाजून सगळी हकिगत सांगितली, तेव्हा त्याने बाही वर करून मनगटावरचे जुने व्रण दाखवले. त्यालाही एकदा असंच तीन ठिकाणी फिरवलं होतं. "माझं नशीब, म्हणून हितं बसलोय," म्हणाला आणि सही कुठे करायची ते विचारलं. आमच्या निवेदनावर डॉक्टर नसलेल्या माणसाची ती एकच सही आहे, आणि आम्ही ती सगळ्यात वर घेतली.

*

अखेर वेळ मिळाली. आमदारांच्या संपर्क कार्यालयात आम्ही चौघं गेलो : अण्णा, कांबळे, स्नेहा आणि मी. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, की डॉक्टरला वाट बघता येत नाही! आयुष्यभर लोक आमच्या दाराबाहेर बसलेले. आम्हाला दाराच्या या बाजूला बसून करायचं काय, हेच ठाऊक नाही. स्नेहा फोनवर फोन करत होती, मी भिंतीवरची सगळी कॅलेंडरं वाचून काढली. कांबळे तेवढे बाकावर बसल्या बसल्या शेजारच्या बाईच्या पोराचा खोकला ऐकत होते.

तासाभराने अण्णांचा पारा चढला. "ही काय पद्धत झाली? वेळ द्यायची आणि माणसाने जागेवर नसायचं?"

समोरच्या खुर्चीतले एक आजोबा म्हणाले, "डॉक्टर, ओळखलंत का? हर्नियाला तुमच्याकडे आलो होतो. तुमच्या दाराबाहेर मी दोन तास बसलो होतो."

अण्णांनी आजोबांकडे नीट निरखून पाहिलं. "मग?"

"मग काय? ऑपरेशन छान झालं. बसा की जरा!"

अण्णा बसले. आमदार त्या दिवशी आलेच नाहीत. कुठेतरी लग्नाला गेले आणि तिथून परस्पर दुसऱ्या लग्नाला. आजोबांनी निघताना अण्णांना सांगितलं, "उद्या सकाळी लौकर या, मी नंबर लावून ठेवतो."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आमदार भेटले, पण कसे? नागपूरला निघायच्या बेतात! खाली गाडी सुरू करून ठेवलेली, तिची घरघर वरपर्यंत ऐकू येत होती. "पाच मिनिटं आहेत," पीएने बजावलं. अधिवेशनाआधीची ही आमची शेवटची संधी होती. ही हुकली की विषय पुढच्या अधिवेशनावर जाणार, आणि मध्ये उसाचा अख्खा हंगाम. 

अण्णांनी "महोदय" एवढंच म्हटलं, तोच आमदारांनी हात पुढे केला. "निवेदन द्या. गाडीत वाचतो."

गाडीत गेलेल्या निवेदनांचं काय होतं, ते आम्हाला ठाऊक होतं. अण्णांनी निवेदन नाइलाजाने टेबलावर ठेवलं. तेवढ्यात कांबळे उठले आणि आपली बॅग उघडत म्हणाले, "साहेब, दोन मिली रक्त घेऊ का तुमचं?"

"शुगर का?" आमदारांनी विचारलं. रक्तदान शिबिरांची उद्घाटनं करून त्यांना सवय असावी. बाही वर सरकवून त्यांनी हात पुढे केलासुद्धा! पीए आ वासून बघत राहिला.

कांबळेंनी रक्त काढलं, काचेच्या कोऱ्या टेस्ट ट्यूबमध्ये सोडलं आणि ती टेबलावरच्या पाण्याच्या रिकाम्या ग्लासात उभी करून ठेवली. "आता हिला वीस मिनिटं हात लावायचा नाही."

"वीस मिनिटं?" पीए ओरडला. "साहेब, गाडी!"

"अरे, माझं रक्त आहे ते," आमदार म्हणाले आणि खुर्चीत बसले. "थांब जरा."

मग कांबळे बोलायला लागले. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "साहेब, घोणस चावली की आम्ही असंच करतो. रक्त काचेत ठेवतो आणि बघत बसतो. गोठलं तर बरं. नाही गोठलं तर विष भिनलंय. त्या बाई माझ्या दवाखान्यात अशाच बसल्या होत्या. त्यांची नळी त्यांच्यासमोरच होती. सारखं विचारायच्या, 'झालं का डॉक्टर?' त्यांना घरी जाऊन भाकऱ्या टाकायच्या होत्या."

"मग?"

"वीस मिनिटांनी मी नळी कलती केली. सगळं पाण्यासारखं वाहिलं."

अण्णा खिडकीबाहेर बघत होते, स्नेहाने लॅपटॉप उघडलाच नाही. आमदार त्या नळीकडे बघत होते. खालून गाडीची घरघर तेवढी येत होती. मध्ये एकदा पीए आत डोकावला आणि साहेबांचा चेहरा बघून तसाच मागे गेला.

वेळ भरली. कांबळेंनी नळी उचलली आणि हळूच आडवी केली. रक्त तळाशी घट्ट बसलं होतं, जागचं हललं नाही.

"म्हणजे काय डॉक्टर?" आमदारांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

"म्हणजे तुम्हाला साप चावलेला नाही, साहेब."

आमदारांनी बाही खाली घेतली, टेबलावरचं निवेदन उचलून सर्पमित्राच्या सहीपासून वाचायला सुरुवात केली, आणि मान वर न करता पीएला हाक मारली.

"खाली सांग, गाडी बंद कर म्हणावं."