टोपल्यांची रांग

वसई स्टेशनाबाहेर माझी चहाची टपरी आहे, त्यामुळे डोकं फिरवून घ्यायला मला लांब जावं लागत नाही. पण परवा जे झालं, त्याचा संताप अजून उतरलेला नाही.

भुईगावची कॅथरीन मावशी रोज वाडीतला मोगरा खुडते, टोपलीत भरते, वर ओलं फडकं घालते आणि दादरच्या फुलवाल्याकडे नेते. तिची सासू हेच करायची. सासूच्या काळात गाड्या मोजक्या. बायका बैलगाडीतून यायच्या, लगेजचा डबा थांबतो तिथे टोपल्या ओळीने मांडायच्या आणि खुशाल बाहेर येऊन टेकायच्या. नंबर टोपलीचा, बाईचा नाही! कुणी दुसरीची टोपली मागे सरकवली की गावभर बोंब. पुढे प्लॅटफॉर्म वाढले, पूल झाले, सरकते जिने आले, पण हा रिवाज काही सुटला नाही.

मावशीचा मुलगा जोएल. फ्लॅटमध्ये राहतो, अंधेरीला ऑफिस. वाडी बिल्डरला द्यायची म्हणून तो आईच्या मागे लागलेला. मावशीचं एकच, "माझी फुलं दादरला जातात तोवर वाडीचं नाव काढायचं नाय." जोएलने तेवढं कबूल केलं होतं. इकडे फुलवाल्याने दम दिलेला, पुन्हा उशीर झाला तर दुसरीकडून माल घेईन. म्हणजे गाडी चुकली की वाडी गेली, इतकं सरळ.

परवा टोपल्या मांडून मावशी, गास गावची बेला आणि बाकीच्या बायका माझ्याकडे आल्या. मी चहा ओततोय तोच आतून शिट्ट्या. धावलो. बघतो तर टोपल्यांभोवती दोरी! नवा गार्ड शत्रुघ्न हात पसरून उभा. "पीछे हटो, लावारिस सामान है!"

"अरे बाबा, फुलं आहेत ती!" मी ओरडलो.

"माझी हाय ती टोपली. फडकं उचलून बघ ना," मावशी सांगतेय. पण ऐकतो कोण? कुणीतरी फोटो काढून हेल्पलाइनला कळवलं होतं. आता पोलिसांचा कुत्रा येऊन हुंगेपर्यंत कुणी हात लावायचा नाही म्हणे. तेवढ्यात गाडी आली, लगेजचा डबा बरोबर समोर थांबला आणि निघूनही गेला. मग साहेबांचा कुत्रा आला. मोगरा हुंगून शिंकला. बेला हसली, माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

फुलवाल्याला फोन लावला तर म्हणाला, राहू दे आता. मावशी तरी डगमगली नाही. "मरू दे त्याला. दुसरा गिऱ्हाईक शोधीन. नायतर बाजारात बसून विकीन."

तिला घरी सोडायला मी जोएलला फोन केला. तो ऑफिसच्या गाडीसाठी अजून स्टेशनातच होता, लगेच आला. "काय लोचा झाला ना आज!" म्हणत त्याने मोबाईल माझ्या तोंडापुढे धरला. "नव्या पुलावरून उतरलो, तर टोपल्या अशाच पडलेल्या. फोटो मीच पाठवला. सोसायटीच्या ग्रुपवर सगळे शाबास म्हणतायत."

"अरे गाढवा, त्यात तुझ्या आईची टोपली आहे!"

त्याचा चेहरा खाड्कन उतरला. "सॉरी मम्मी. मला काय माहीत? चल, मी उचलतो." तो टोपल्यांपाशी गेला. एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं, परत पहिलीकडे. मग आईकडे वळून त्याने विचारलं, "यातली आपली कुठली?"

 मावशी पुढे झाली, वाकली आणि टोपली स्वतःच डोक्यावर घेतली.

"बिल्डरला फोन लाव," ती म्हणाली. "ती वाडी मी तुझ्यासाठीच राखत होते."