हिलाल क्लबचा चांद

अडतीवर पोती उचलणाऱ्याच्या खिशात दाणे साचतात. मुद्दाम कुणी टाकत नाही. संध्याकाळी घरी येऊन सदरा झटकला की ज्वारी, तूर, करडई, सगळं मिळून खाली पडतं. किस्स्यांचंही तसंच आहे. आम्ही उरलेले दोघं-तिघं म्हातारे कळंबच्या बैलबाजाराच्या कडेला बसतो, कुणीतरी म्हणतं, "गफूरसाहेब असते तर..." आणि मग एकेक दाणा पडायला लागतो.

ऐकणारे लई हसतात. आम्हीबी हसतो. पण हसून झालं की कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नाही.

गफूरसाहेब आमच्या फुटबॉल क्लबचे मॅनेजर. निजामाच्या काळात शाळेत ड्रिल मास्तर होते. क्लब त्यांनीच काढला आणि नाव ठेवलं हिलाल क्लब. हिलाल म्हणजे पहिल्या दिवसाची चंद्रकोर. आमचे सदरे हिरवे, छातीवर पांढऱ्या रेशमाची कोर. आम्ही तिला चांद म्हणायचो. चांद भरले होते त्यांच्या बायकोनं, आमच्या चाचीनं. एक सदरा गफूरसाहेबांचाही होता, त्याला तेवढा शिट्टी ठेवायला खिसा जास्तीचा.

पुढं राज्य बदललं, मग क्लबचं नाव बदललं, आणि गफूरसाहेब मॅनेजर राहिले नाहीत. 'तुम्ही नको' असं त्यांना आमच्यातल्या कुणीच म्हटलं नाही. हे आम्ही अजून एकमेकांना विचारून घेतो.

"कुणी म्हटलं न्हाय ना?"

"न्हाय बा. कुणीच न्हाय."

तेच तर आहे.

*

आमचं मैदान म्हणजे बैलबाजाराचं पटांगण. गोलचे खांब आम्ही रोवलेले, पण बाजाराच्या दिवशी लोक त्याला बैल बांधायचे. एकदा बाजार उठला तरी एक बैल खांबालाच राहिला. मालक सामना बघत बसलेला. सोडतो, सोडतो म्हणायचा आणि जागचा उठायचा नाही. शेवटी तसाच सामना सुरू झाला.

आमचा गोलकीपर धोंडिबा. तेलाच्या घाण्यावर कामाला, अंगानं दांडगा, पण वळायला वेळ घ्यायचा. समोरच्या गड्यानं डावीकडं बॉल हाणला, धोंडिबा उजवीकडं गेला. बॉल बैलाच्या पोटाला लागला आणि परत मैदानात आला. बैलानं शेपटी हलवली, बास.

पाहुणे भांडायला उठले. म्हणे बैल नसता तर गोल होता. पंच बिचारा डोकं खाजवत उभा.

गफूरसाहेब पुढं आले. "पहिले हे ठरवा, बैल कुणाच्या टीमचा?"

बैलाचा मालक छाती फुगवून म्हणाला, "आमचा हाय. आमच्या गावचा."

तो पाहुण्यांच्याच गावचा निघाला.

"मग झालं," गफूरसाहेब म्हणाले. "तुमच्याच गड्यानं अडवला. आमचं काय चुकलं?"

हाफ टाइमला गफूरसाहेब शिट्टीच्या खिशातून कागदाची पुडी काढायचे आणि एकेकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. आमच्यातले निम्मे त्या गुळासाठीच पळायचे. धोंडिबाला तर दम निघायचा नाही. सामना सुरू होऊन जरा वेळ गेला की तो गोलमधूनच ओरडायचा, "साहेब, हाफ टाइम झाला का?"

गफूरसाहेब तिकडं न बघताच म्हणायचे, "खेल बाकी है, बेटा."

*

गफूरसाहेब कधी शिवी देत नसत. फार राग आला तर एकच शब्द, लिल्ला. अल्लाच्या नावानं दिलेलं, कुणाला दिलं ते न बघता दिलेलं. आमच्यातला कुणी घाबरून कुठंही बॉल हाणला की ते ओरडायचे, "अरे बाबा, लिल्ला नक्को. बघून दे."

तो शब्द आमच्या तोंडात असा बसला की अडतीवरसुद्धा सुटेना. हमालानं पोतं भलत्याच थप्पीला लावलं की दुसरा म्हणायचा, "लिल्ला देऊ नगंस, बघून ठेव."

एकदा धोंडिबाच्या लग्नात अंतरपाट धरलेला. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली झाला. धोंडिबानं घाईनं हार टाकला तो थेट करवलीच्या गळ्यात. मागून गफूरसाहेबांचा आवाज आला, "धोंडिबा, लिल्ला नक्को. बघून दे."

भटजीसुद्धा हसले. करवलीनं हार काढून बहिणीच्या हातात दिला. धोंडिबाची बायको मरेपर्यंत ही गोष्ट सांगायची आणि गफूरसाहेब गाव सोडून गेल्यापासून प्रत्येक वेळी विचारायची, "कुठं असतील वो ते आता?" आम्ही तेवढ्यात दुसरं काहीतरी बोलायचो.

*

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या सुमाराची गोष्ट. क्लबचे सेक्रेटरी वसंतराव तहसिलीत कारकून होते. माणूस वाईट नव्हता. कचेरीत नवे साहेब, नव्या पाट्या. त्यांना वाटायचं, सगळं बदललंय तर आपणही बदललेलं दिसलं पाहिजे. त्यांच्या ओसरीवर बैठक झाली. हिलाल क्लबचं नाव 'सूर्योदय क्रीडा मंडळ' करायचं ठरलं.

धोंडिबा म्हणाला, "चांद जाऊन सूर्य आला. म्हंजी आता सामनं भर उन्हात का?"

सगळे हसले, गफूरसाहेब सगळ्यात जास्त. म्हणाले, "ठीक है. सूर्य पण आभाळातलाच आहे."

मग वसंतरावांनी पदं वाचून दाखवली. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, व्यवस्थापक.

गफूरसाहेबांनी विचारलं, "व्यवस्थापक म्हणजे?"

"म्हंजी मॅनेजरच की, साहेब," धोंडिबा म्हणाला.

"अच्छा. मग मीच."

वसंतरावांची पेन्सिल हातातच राहिली. ओसरीवर आम्ही सगळे होतो. कुणी 'व्हय' म्हणालं नाही, कुणी 'न्हाय' म्हणालं नाही. मी तर खांबाच्या खुंटीकडं बघत बसलो होतो. शेवटी वसंतराव म्हणाले, "ते पुढच्या बैठकीत ठरवू."

"त्यात ठरवायचं काय?" गफूरसाहेब हसले आणि खिशातली पुडी काढली. नव्या नावाचा गूळ म्हणून एकेक खडा सगळ्यांना दिला. आम्ही खाल्ला.

पुढची बैठक झाली. गफूरसाहेबांना निरोप कुणी द्यायचा, तेवढं ठरायचं राहिलं. मग व्यवस्थापक वसंतरावच झाले.

*

निरोपच नाही म्हटल्यावर गफूरसाहेब रोजच्यासारखे मैदानावर आले, शिट्टी घेऊन. वसंतरावही आले. त्यांच्याकडं नवी शिट्टी.

एका शिट्टीला आम्ही पळायचो, दुसऱ्या शिट्टीला थांबायचो. कुणाची कुठली ते कळेना. दोघं पुढं पळाले, चौघं जागेवर उभे, बॉल भलतीकडंच. धोंडिबा गोलमध्ये खाली बसला आणि ओरडला, "साहेब, हाफ टाइम झाला का?"

दोन साहेबांनी एकदम त्याच्याकडं बघितलं.

मग गफूरसाहेबांनी वसंतरावांच्या हातातल्या शिट्टीकडं बघितलं. आमच्याकडं बघितलं. आपली शिट्टी खिशात ठेवली आणि म्हणाले, "खेल बाकी है, बेटा." आणि रेघेच्या बाहेर जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी रेघेपासून थोडे मागं. तिसऱ्या दिवशी आणखी मागं. आठवडाभरात ते लिंबाच्या झाडाखाली पोचले. त्याच्या मागं रस्ताच होता.

*

वसंतरावांनी नवा नियम काढला. मैदानावर उर्दू शब्द बोलायचा नाही. जो बोलेल त्यानं मैदानाला एक चक्कर मारायची. इंग्रजी चालेल, गोल चालेल, पेनल्टी चालेल. तो नियम 'लिल्ला'साठी होता हे सगळ्यांना कळलं.

पहिल्याच दिवशी खेळ रंगला आणि वसंतराव स्वतःच ओरडले, "मैदान सोडू नका रे! जोर लावा! शाबास!"

लिंबाखालून गफूरसाहेब हळूच म्हणाले, "वसंतराव, तीन झाले."

"काय तीन?"

"मैदान, जोर, शाबास. तिन्ही तिकडचेच."

आम्ही थांबलो. वसंतराव लाल झाले. पण नियम त्यांचाच. त्यांनी वहाणा काढल्या, धोतर खोचलं आणि निघाले. अर्ध्या चक्करला त्यांना धाप लागली. गफूरसाहेब झाडाखालून निघाले आणि त्यांच्या बाजूनं पळायला लागले.

"तुम्ही कशाला?" वसंतराव म्हणाले.

"शब्द आमचे, तर पळणं पण आमचं."

तिन्ही चकरा दोघांनी बरोबर मारल्या. शेवटी दोघं गुडघ्यावर हात ठेवून समोरासमोर उभे राहिले. वसंतरावांनी तोंड उघडलं. आम्हाला वाटलं, आता म्हणतील, तुम्हीच मॅनेजर. एकदा वाटलं, नाही तर आपण म्हणावं.

वसंतराव म्हणाले, "तुमचा दम चांगलाय."

नियम तिथंच मोडला. गफूरसाहेब मात्र परत झाडाखाली जाऊन उभे राहिले.

*

सूर्योदय मंडळाला केशरी सदरे पाहिजेत. नवं कापड आणायची ऐपत नव्हती. अकरा हिरवे सदरे घेऊन वसंतराव रंगाऱ्याकडं गेले.

रंगारी म्हणाला, "हिरव्यावर केशरी बसत न्हाय, राव. पांढरं आणा."

"दुप्पट रंग टाक."

"टाकतो. पण मग मला बोलू नका."

दुसऱ्या दिवशी दोरीवर सदरे वाळत घातलेले बघितले आणि आमचं तोंडच उतरलं. हिरवं गेलं होतं आणि केशरी आलं नव्हतं. सगळे सदरे ताज्या शेणाच्या रंगाचे.

पण छातीवरचं रेशीम पांढरं होतं. त्यानं रंग असा धरला की बघत राहावं. शेणाच्या सदऱ्यावर केशरी चांद झळकत होता.

रंगारी म्हणाला, "एवढं एकच काम चांगलं झालं बघा."

ते घालून आम्ही पटांगणात उतरलो. एका शेतकऱ्यानं बैलाचं दावं सोडता सोडता विचारलं, "ह्या बाजारात तुमचा काय भाव हाय?"

*

आता चांद काढायचा ठरला. शिंप्यानं बघून हात जोडले. म्हणाला, काम लई दाट आहे, मी उसवलं तर कापड फाटंल. ज्या हातानं भरलंय त्याच हातानं निघंल.

म्हणून अकरा सदऱ्यांचं गाठोडं चाचीकडंच पाठवलं. हे आम्हीच केलं. धोंडिबा त्यांच्या गल्लीत राहायचा, म्हणून त्याला धाडलं.

चाचीनं गाठोडं सोडलं. "हे काय केलं रे बाबांनो?"

"रंगवलं."

"आणि आता?"

"चांद काढायचाय."

चाचीनं सदरा उलटा केला, आतले टाके बघितले. मग एवढंच विचारलं, "कधी पाहिजे?"

आत खाटेवर गफूरसाहेब बसले होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. ते म्हणाले, "धोंडिबाला चहा दे." धोंडिबा म्हणतो, तसला गोड चहा आपण परत कधी पिला न्हाय.

अणदूरला खंडोबाच्या जत्रेतला सामना होता. सकाळच्या एस.टी.नं निघायचं, म्हणून आम्ही सगळे स्टँडवर जमलो. धोंडिबा चाचीकडून गाठोडं घेऊन आला. सदरे धुऊन, इस्त्री करून, घड्या घालून दिलेले.

वसंतरावांनी पहिला सदरा उलगडला. रेशमाचा एक धागा राहिला नव्हता. पण चांद होता. रेशमाच्या खाली रंग पोचलाच नव्हता, तिथं जुनं कापड तसंच होतं. शेणाच्या रंगावर हिरवागार चांद.

दुसरा उलगडला. तसाच. तिसरा, तसाच.

"हा तर पहिल्यापेक्षा ठळक झाला," वसंतराव म्हणाले. कुणीतरी फिसकन हसलं.

धोंडिबा एकेकाच्या हातात सदरा देत गेला. सगळ्यांचे देऊन झाले, स्वतःचाही काढून घेतला. गाठोड्यात आणखी एक होता.

"एक जास्तीचा हाय," तो म्हणाला.

आम्ही अकरा दिले होते.

हा बारावा. हा कधी रंगाऱ्याकडं गेलाच नव्हता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिरवा. त्याच्यावरचंही रेशीम काढलेलं होतं, आणि सगळंच हिरवं म्हटल्यावर मागं काही दिसत नव्हतं. जवळ धरून बघितलं तर सुईची बारीक भोकं, बास. सगळ्या क्लबात चांद नसलेला तेवढा एकच सदरा.

"ह्याचा काढायला कुणी सांगितलं होतं?" वसंतराव म्हणाले.

कुणी सांगितलं नव्हतं.

शिट्टीचा खिसा फुगलेला होता. धोंडिबानं त्यात दोन बोटं घातली. कागदाची पुडी निघाली. सोडली तर गूळ. आम्हा सगळ्यांना पुरेल एवढा, खडे केलेला.

एस.टी. लागली. कंडक्टर ओरडला, "अणदूरवाले, चला." कुणी हललं नाही.

धोंडिबा पुडी तळहातावर धरून उभा होता. त्यानं एकदा रस्त्याकडं बघितलं, एकदा आमच्याकडं. मग हळू आवाजात विचारलं,

"हाफ टाइम झाला का?"