जुन्या डब्याचा भाव

१५ ऑक्टोबर १९९०, सोमवार. त्या सकाळी बायडाबाईच्या दोन डब्यांत मिळून चाळीस लिटर पेट्रोल होते, खरेदी चारशे रुपयांची. हेच तिचे सगळे भांडवल. घरात याखेरीज पैसा नव्हता.

नगरहून कल्याण रोडने निघाले की हिवरे बाजारकडे वळणारा फाटा लागतो. तिथे एका दगडावर ती बसायची. शेजारी डबे, पत्र्याचे एक लिटरचे माप, नरसाळे आणि रबरी नळी. नळी तोंडाने ओढून पेट्रोल मापात उतरवायचे. चार वर्षे हे केल्यामुळे तिचे ओठ कायम फुटलेले असत आणि भाकरीची चव तिला कळेनाशी झाली होती. समोरच्या हॉटेलवाल्या सूर्यभानने तिच्यासाठी एक कानतुटका कप वेगळा काढून ठेवला होता. "वास जात न्हाई, बाई. गिऱ्हाईक बोंबलतंय," असे तो म्हणायचा. ती आपला कप आपणच विसळून भिंतीच्या खोबणीत ठेवी.

तिचा नवरा गोरक्ष याच लाइनीवर रिक्षा चालवायचा. काविळीने तो गेला आणि हप्ते थकले म्हणून रिक्षाही ओढून नेली. तेव्हा लाइनीच्या रिक्षावाल्यांनी वर्गणी काढून तिला पहिला डबा भरून दिला. पुढचे सगळे त्यांनीच ठरवले. नगरला जाणाऱ्या रिक्षाने तिचा डबा पंपावरून भरून आणायचा, त्याचे भाडे घ्यायचे नाही. तिने पंपाच्या भावावर लिटरमागे एक रुपया घ्यायचा, जास्त नाही. आणि भाव वाढला तरी डब्यात असलेला माल जुन्याच भावाने द्यायचा. हा वाजवी भाव. लाइनीचा पुढारी कानिफनाथ. त्याने हा हिशेब गोरक्षच्या तेराव्याला जेवणाच्या पंगतीत सांगितला होता आणि सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. बायडाबाईनेही हलवली होती.

सोमवारी सकाळी सूर्यभानच्या रेडिओवर बातमी आली. आखाती देशांतल्या भांडणापायी पेट्रोल एका फटक्यात पंचवीस टक्क्यांनी महाग झाले होते. दहाचे साडेबारा. बायडाबाईने बोटांवर मोजले. हेच दोन डबे पुन्हा भरायला आता पाचशे रुपये लागणार होते. अकराने विकले तर हातात येणार चारशे चाळीस. दिवाळी तीन दिवसांवर, आणि डबे पुन्हा पुरते भरायचे तर साठ रुपये कमी.

साडेसातला रिक्षा आल्या. रोज एकेक करून यायच्या, आज रांगेने आल्या. कुणाच्या हातात किटली, कुणाच्या हातात कॅन. छगन तर घागर घेऊन आला होता.

"वहिनी, घागर भरा. दिवाळीची अंघोळ करायची हाय," तो म्हणाला. सगळे हसले.

"तेरा रुपये द्या," बायडाबाई म्हणाली. "मला फिरून भरायचं हाय."

कानिफनाथ रिक्षातून उतरला. पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध. आवाज कधी चढवायचा नाही.

"वहिनी, भाव कुठं वाढला?"

"पंपावर."

"तुमच्या डब्यात वाढला का? डबा तर परवा छगननं आनला, दहाच्या भावानं. रातीतून त्यात काय पडलं?"

"भाऊजी, तुमचं भाडं किती घेताय आज?"

रिक्षात बसलेल्या एका म्हातारीनेच सांगून टाकले, "चार घेत्यात बया. काल तीन हुतं."

"मग तुमच्या टाकीतलं पन कालचंच हाय की," बायडाबाई म्हणाली.

कानिफनाथने पहिला डबा स्वतः उचलला, झाकण काढले आणि नळी तिच्या हातात दिली. "ओढा," म्हणाला. तिने ओढले. वीस लिटर अर्ध्या तासात संपले. पैसे बरोबर मोजून मिळाले, दोनशे वीस. मग ती उठली आणि दुसऱ्या डब्यावर जाऊन बसली.

"ऊठ, वहिनी," छगन म्हणाला.

"न्हाई उठत."

"अंडी उबवतीय काय गं?"

तेवढ्यात कल्याणकडून आलेली एक फियाट थांबली. आतला माणूस उतरला, पेट्रोल आहे का म्हणून विचारले आणि भाव न विचारताच पाच लिटर द्या म्हणाला. बायडाबाई उठली. सगळ्यांच्या देखत तिने पाच मापे भरली आणि चौदाने सत्तर रुपये घेतले. गाडीवाल्याने "थँक यू" म्हटले. रिक्षावाले बघत उभे होते. कानिफनाथने खिशातून रुमाल काढून हात पुसले, रिक्षा सुरू केली आणि निघून गेला. त्याच्या मागे बाकीचे गेले.

दिवसभर कुणी फिरकले नाही. तिला वाटले, चुकलेच आपले. ज्यांनी डबा दिला त्यांच्यासमोर परक्याला जास्तीने विकले. संध्याकाळी कानिफनाथ एकटाच आला, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

"एक लिटर द्या वहिनी. कितीनं देताय?"

"अकरानं, भाऊजी. तुमाला अकरानंच."

"सुट्टं न्हाईत. उद्या देतो."

"उद्या काय, कवाबी द्या."

तिने माप काठोकाठ भरले, वर थोडी धारही सोडली. लाइनीत उधारी फक्त आपल्या माणसाशी असायची, म्हणून भांडण मिटले असे तिने धरले. जाताना कानिफनाथने हॉर्नही वाजवला होता.

दुसऱ्या दिवशी तिने रिकामा डबा नेहमीच्या जागी, रस्त्याच्या कडेला ठेवला. पहिली रिक्षा गेली. दुसरी गेली. छगनने वेग कमी केला, डब्याकडे पाहिले आणि चाक इतके जवळून नेले की डबा घरंगळत चारीत पडला. ती चारीत उतरून डबा वर घेऊन आली. दुपारपर्यंत तिने हात केले. एकही रिक्षा थांबली नाही.

उरलेले चौदा लिटर दूधवाल्यांनी विकत नेले. मग ती रिकामा डबा घेऊन नगरच्या एसटीत चढली. येताना कंडक्टरने वास ओळखला आणि भरल्या डब्यासकट तिला मधल्याच माळावर उतरवले. वीस लिटर डोक्यावर घेऊन ती फाट्यावर आली तेव्हा मान वळत नव्हती. एम-एटी फटफटीवरून दूध नेणारा एक जण लिटरमागे दोन रुपये घेऊन डबा आणायला तयार झाला. त्याने दोन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेआधी छगनने त्याला रस्त्यात गाठले. "तुझ्या किटल्या लई वर बांधतोस रे. एखाद्या दिवशी सांडतील," एवढेच बोलला. दूधवाल्याने रिकामाच डबा तिच्यापुढे ठेवला आणि तिच्याकडे न बघता गेला.

भाऊबीज झाली. त्यानंतरच्या सोमवारी बायडाबाईच्या दगडावर कानिफनाथची थोरली बहीण दगडाबाई बसली होती. नवा डबा, नवे माप. भाव चौदा. रिक्षावाले मुकाट्याने चौदा मोजत होते.

बायडाबाईने छगनला गाठले. "पंपावर साडेबारा. त्यावर एक रुपया, साडेतेराच्या वर वाजवी न्हाई म्हनत हुता तुमी."

"तिचा डबा लांबनं येतो."

"त्याच पंपावरनं येतो."

"ती लाइनीची हाय, बाई."

"मग मी कुनाची हुते?"

"तू गोरक्षची," छगन म्हणाला. "त्यो गेला की."

दूधवाल्याचे भाडे आणि दिवाळीचे चार दिवस यांत तिचे पैसे संपले होते. दोन्ही डबे तिने भंगारात विकले. माप मात्र ठेवले. पुढे हिवरे बाजारला बांधबंदिस्तीची कामे निघाली, तिथे ती माती वाहू लागली. बायकांनी पहिले काही महिने तिला जेवताना जरा लांब बसवले. नंतर वास गेला, पण ती आपणच लांब बसायची. चव परत आली नाही.

कानिफनाथ रस्त्यात दिसला की हॉर्न वाजवायचा. "वहिनी, बरं हाय ना?" त्याने पुढे दोन जीपगाड्या घेतल्या. १९९८ साली फाट्यावर त्याने जीप थांबवली तेव्हा तिने पहिल्यांदा आणि शेवटचेच मागितले.

"भाऊजी, ते एका लिटरचं राहिलं हुतं."

पंपावरचा भाव तोवर दुपटीच्या वर गेला होता. कानिफनाथ जीपमधल्या माणसांकडे वळून हसला. "कितीनं धरायचं, वहिनी? आजच्या भावानं?"

"अकरानंच. जुना माल हुता."

"बघा, वहिनी अजून वाजवी बोलतीय," तो म्हणाला. जीपमधले हसले. त्याने खिसा चाचपला, शंभराची नोट काढून दाखवली, सुट्टे नाहीत म्हणाला आणि जीप पुढे घेतली.

कानिफनाथकडे बायडाबाईचे अकरा रुपये येणे बाकी आहे.