पुढचा ब्रेक

शर्यतीच्या ट्रॅकवर त्याला सगळे ‘डबल’ म्हणायचे. पोटापाण्याचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. रोज कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या शाफ्टमध्ये उतरायचं, दोर बघायचे, ब्रेक बघायचे, आणि वर येऊन हात पुसल्यावर पुन्हा उतरून तेच बघायचं. सोबतचे वैतागायचे, पण त्याच्या हातची लिफ्ट कधी अडकली नव्हती. पुढे मोटारसायकलचं वेड लागलं तेव्हा ही सवयही सोबत आली. प्रत्येक नट दोनदा ओढून बघतो, म्हणून डबल.

भावोजी शहर बस चालवायचे. त्यांना ट्रॅकची चटक लावली ती डबलनेच. ताईने आधी घर डोक्यावर घेतलं, मग नवऱ्याचा उतरलेला चेहरा बघून एका अटीवर नमतं घेतलं. “गाडीला हात लागेल तो फक्त माझ्या भावाचा. दुसऱ्या कुणाचा नाही.” या अटीचा डबलला, खोटं कशाला सांगायचं, बराच अभिमान होता.

त्या शनिवारी शर्यत वगैरे नव्हती. हौशी मंडळींनी ट्रॅक भाड्याने घेतला होता. गाड्या पळवून बघायच्या, सस्पेन्शन जुळवायचं, नवे टायर घासून बघायचे. भावोजींच्या गाडीला पुढचा टायर नवा घालायचा होता. डबलने चाक काढलं, टायर बदलून आणला, चाक चढवलं, ब्रेकची पॅड धरणारा कॅलिपर बसवला, सगळे बोल्ट दोनदा ओढले. आता एकच काम उरलं होतं. चाक चढवताना ब्रेकची पॅड मागे सरकतात. हँडलवरचा लिव्हर चार-पाच वेळा दाबून ती पुन्हा चाकाच्या डिस्कपाशी आणावी लागतात. तोवर ब्रेक असून नसल्यासारखा.

तेवढ्यात फोन वाजला. ताईचा. इंजिनांच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून तो तंबूच्या मागे गेला.

“जेवलात का रे? आणि ह्यांच्याकडे लक्ष ठेव हं. पन्नाशी आली, अक्कल काही आली नाही.”

“अगं, मी आहे ना!”

तो हसत परत आला तर गाडीचा स्टँड रिकामा. पुढच्या पाळीचा भोंगा झाला होता आणि भावोजी गाडी घेऊन निघाले होते. डबलने ओरडून हात वर केला. भावोजींना वाटलं, मेव्हणा शुभेच्छा देतोय. त्यांनीही झोकात हात वर केला आणि गेले.

पहिल्याच वळणावर गाडी वळलीच नाही. सरळ खडीत घुसली आणि डाव्या अंगावर पडली. डबल धावत पोचला तेव्हा भावोजी खांदा धरून बसले होते. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. मदतीला आलेल्या माणसांनी त्यांना उठवलं आणि डबलने गाडी उचलली. उचलताना हात आपसूक लिव्हरवर गेला. लिव्हर अजून निम्मा पोकळ होता. त्याने पुन्हा दाबला, आणखी एकदा दाबला, आणि तो घट्ट झाला.

मागून ट्रॅकचा मेकॅनिक आला. त्याने लिव्हर दाबून बघितला. “ब्रेक तर दगडासारखा लागतोय. चालवणाराच चुकला.”

डबल गाडीवरची खडी झटकत राहिला.

गटात एक दंतवैद्य होता. त्याची जीभ त्याच्या यंत्रापेक्षा जोरात चालायची. त्याने तिथल्या तिथे भावोजींचं बारसं केलं. “सगळं जग वळलं, पण आमचे सरळमार्गी काही वळले नाहीत!” सगळे खो खो हसले. भावोजीही कळ सोसत हसले. डबलही हसला.

तो सांगणार होता, नाही असं नाही. दवाखान्यात गेला तो त्याच तयारीने. पण ताईने त्याचा हात घट्ट धरला. “बरं झालं बाई, तू होतास तिथे.” त्याने नुसती मान डोलावली. मग हाड जुळू दे, मग हाताची झोळी निघू दे, मग कामावर रुजू होऊ देत, असं करत दिवस गेले. लिफ्टच्या शाफ्टमध्ये तो आता सगळं तीनतीनदा बघायचा.

एका रविवारी तो ताईकडे गेला. भावोजी आवारात गाडी पुसत होते. संध्याकाळी गिऱ्हाईक यायचं होतं. ताई चहा घेऊन आली आणि हळूच म्हणाली, “गाडी विकताहेत त्याचं मला दुःख नाही. पण बससुद्धा सोडायची म्हणताहेत. डेपोत बसायचं काम मागणार आहेत. उद्या अर्ज देतील.”

“का?”

“मागे चाळीस माणसं बसलेली असतात, मेव्हणेबुवा,” भावोजीच बोलले. “माझा अंदाज गेलाय. स्टॉप दिसायच्या आधीच पाय ब्रेकवर जातो. परवा एक म्हातारी म्हणाली, ड्रायव्हर, उतरून ढकलू का?” ते हसले, पण डोळे हसले नाहीत.

ताई कप घेऊन आत गेली. डबलने आपल्या गाडीतून हत्यारांची पेटी काढली.

“अरे, आता काय करतोस? गिऱ्हाईक येईल.”

“दोन मिनिटं, भावोजी.”

त्याने पुढचं चाक काढलं, पॅड मागे सरकवली, चाक पुन्हा चढवलं. कॅलिपरचे बोल्ट आवळले. मग बाजूला झाला. “दाबा.”

भावोजींनी लिव्हर दाबला. तो थेट मुठीला जाऊन टेकला. त्यांनी डबलकडे बघितलं, पुन्हा दाबला. पोकळ. दाबत राहिले, आणि हळूहळू लिव्हर घट्ट होत गेला.

“त्या दिवशी,” डबल म्हणाला, “दाबायचा राहिला माझ्याकडून. ताईचा फोन आला होता. खडीत गाडी उचलली तेव्हाच मला कळलं.”

भावोजींनी लिव्हर आणखी एकदा दाबून बघितला.

“म्हणजे मी ब्रेक वेळेवर मारला होता.”

“वेळेवरच.”

भावोजी पेटीवर बसले. “हाड मोडलं त्याचं काही नाही रे. चूक माझ्याकडूनही झाली. निघताना मीही दाबून बघायला हवा होता.” मग मान वर करून म्हणाले, “पण तो सरळमार्गी म्हणाला तेव्हा तू हसलास.”

“हो.”

“हसलास कशाला?”

डबलने मान खाली घातली आणि उगाच बोल्ट ओढून बघितले. एकदा. दुसऱ्यांदा. मग भावोजींनी त्याच्या हातातून पाना घेतला आणि तेच बोल्ट स्वतः ओढून बघितले. आजवर त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

“गिऱ्हाईकाला येऊ नको म्हणून सांगतो,” फोन काढत ते म्हणाले. “अर्जही राहू दे. तू आत जा.”

“आत?”

“तुझ्या ताईला काय मी सांगायचं?”

डबलने हात पुसले आणि चपला काढून तो आत गेला. ताई कप विसळत होती. त्याच्याकडे न बघताच ती म्हणाली, “काय रे, नीट केलीस ना गाडी?”