लांबी न लावलेलं जहाज

इस्माईलचाचा कुठलीही वस्तू आधी डोळे मिटून बघायचे. दार असो, खुर्ची असो, उजव्या अंगठ्याचं पेर त्यावरून हळूच फिरायचं आणि निकाल लागायचा. "सांधा उघडा हाय." किंवा, तोंड वाकडं करून, "लांबी." लाकडातल्या भेगा आणि गाठी बुजवायला जो लगदा भरतात, रंगाखाली जो कुणाला दिसत नाही, ती लांबी. चाचांच्या तोंडी ती शिवी होती. ते गेले त्याला वर्ष होत आलं, तरी रंगवलेलं दार दिसलं की माझा अंगठा पुढे होतो.

लातुरात मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. माझे वडील आयुष्यभर चळवळीची पत्रकं काढत आले. मी मुळाक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. नळाला आठ-नऊ दिवसांनी पाणी येतं, याविरुद्धचं माझं पहिलं पत्रक मी मोठ्या अभिमानानं चाचांना दिलं. त्यांनी कागदावरून अंगठा फिरवला, मग चष्मा लावून वाचलं.

"बेटी, पाणी कधी येतंय न् कधी यावं, एवढंच लाकूड हाय ह्यात. बाकी लांबी."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी 'समस्त शोषित-पीडित' पासून शेवटच्या ललकारीपर्यंत सगळं छाटलं. सहा ओळी उरल्या. पण त्या लोकांनी थांबून वाचल्या.

त्याच दिवसांत ते जहाज करत होते. हातभर लांब, जुन्या सागवानी चौकटी चिरून काढलेल्या पट्ट्यांचं. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. मोबाईलवर कुणा गोऱ्या म्हाताऱ्याचं काम आवाज बंद करून बघायचे. पट्टी गरम पाण्यात भिजवायची, वाकवायची, फासळ्यांवर बसवायची, शेजारच्या पट्टीला केसभरही फट ठेवायची नाही. व्हिडिओतला म्हातारा शेवटी फटींत लांबी भरू लागला, तेव्हा चाचांनी मोबाईल पालथा घातला. "हा बी आमच्या कारखान्याच्या मालकासारखाच निघाला."

"पण जहाजच का, चाचा?"

"दार खोटं बोलतं, पलंग खोटं बोलतो. जहाजाला न्हाई जमत. पाणी लगेच सांगतं."

मग त्यांनी शिडीची गोष्ट सांगितली. फर्निचरच्या कारखान्यात असताना त्यांनी केलेल्या एका शिडीच्या पायरीला गाठीपाशी चीर होती. मालक म्हणाला, भर लांबी, मार रंग. चाचांनी भरली. त्याच शिडीवर त्यांचा जोडीदार नागनाथ चढला आणि कायमचा लंगडा झाला. मालकानं 'त्याचंच लक्ष नव्हतं' म्हटलं, चाचा गप्प राहिले. पुष्कळ वर्षांनी त्यांनी नागनाथकाकांना खरं सांगितलं. त्या दिवसापासून काकांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

मी पेटले. असल्या मालकांवर पत्रक काढायलाच हवं, म्हणाले.

"काढ. मालकानं सांगितलं, हे खरंय," चाचा म्हणाले. "पण हात माझा होता. आता एक चीज बिनलांबीची करायची, नागनाथसमोर पाण्यात सोडायची. मग त्याला काय बोलायचं ते बोलू दे."

घासून घासून जहाजाचं अंग गुळगुळीत झालं. वर जवसाच्या तेलाचा हात दिला. नळ आला, हौद भरला, तेव्हा चाचांनी ते आत सोडलं. चाची कंबरेवर हात ठेवून उभ्या. "नऊ दिवसाचं पाणी हाय ते. चहात भुस्सा आला तर मला बोलू नका."

अर्ध्या तासात जहाजात दोन बोटं पाणी.

चाचांनी ते पुसलं, सुकवलं आणि तयार अंगावरच्या तीन पट्ट्या पटाशीनं उपटल्या. महिनाभर खपून केलेलं काम होतं. मला राहवलं नाही. म्हटलं, "आतल्या बाजूनं थोडी लांबी भरली तर? कुणाला दिसणारय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर ऐकण्याआधीच माझी मान खाली गेली होती.

"शिडीच्या टायमाला मी बी हेच म्हणलो होतो," ते म्हणाले, आणि नवी पट्टी गरम पाण्यात टाकली.

पुढचा नळ यायच्या आदल्या दिवशी अंग पुन्हा पुरं झालं. चाचा रिक्षा करून स्वतः नागनाथकाकांकडे गेले. दुसऱ्या दिवशी काठी टेकत काका आले. "नुसतं बघायला आलोय. चहा-बिहा न्हाई घेणार."

जहाज हौदात सोडलं. अर्धा तास गेला, तास गेला. नळ चालूच होता. पाण्याबरोबर जहाज वर वर येत होतं. चाचांचा अंगठा हौदाच्या कठड्यावर उगाच फिरत होता. अखेर काकांनी काठी भिंतीला लावली, वाकून उघड्या जहाजात हात घातला आणि तळ कोपऱ्यांपर्यंत चाचपला. मग तळहात उन्हात धरून उलटा-सुलटा पाहिला.

"कोरडं हाय, इस्माईल."

चाचांनी मान हलवली.

काका कठड्यावर टेकले, दुखरा पाय लांब केला आणि घराकडे बघून म्हणाले, "भाभी, चहा टाका. पण ह्या हौदातल्या पाण्याचा नको. भुस्सा असंल त्यात."