केळीचं कोवळं पान

मालनवहिनींच्या शोकसभेत मानपाड्यातल्या त्यांच्या सोसायटीचे लोक दौलतरावांना म्हणाले, "तुमचं समोरासमोर दार. तुम्हीच बोला चार शब्द." दौलतराव उभे राहिले, फोटोला नमस्कार केला आणि खाली बसले. बोलणार काय? माहेर संगमेश्वरकडचं, चहा बिनसाखरेचा, दाराशी रोज रांगोळी. वहिनींबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं.

आजार मात्र त्यांनी जवळून पाहिला. आधी तोंडात फोड आले, मग पाठीवर. फोड फुटला की कातडी ओल्या कागदासारखी सरकायची. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी जे सांगितलं, ते वहिनींच्या सुनेने, योगिनीने, त्यांना जिन्यात समजावलं.

"काका, कातडीतल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. आईंची प्रतिकारशक्तीच ती पकड तोडतेय. वरच्या पेशी सुटतात. सगळ्यात खालची रांग तेवढी तिच्याखालच्या पातळ पडद्याला चिकटून राहते."

"मग पुढे?"

"तिच्यावरच नवी कातडी धरते म्हणे. गोळ्या चुकवायच्या नाहीत, बस."

गोळ्यांनी वहिनींचा चेहरा सुजला, पण फोड वाळले. गणपतीत त्या आरतीला उभ्या राहिल्या. मग नवरात्र आलं. वहिनींचे उपास उठता-बसताचे नव्हेत, सगळे नऊ दिवस. आणि गोळी तर जेवणानंतर घ्यायची होती. जेवणच नाही, तर गोळी कसली? त्यांनी ती घेतलीच नाही.

सूरजला, त्यांच्या मुलाला, कळलं तेव्हा तो ओरडला, "आई, साबुदाणा खात होतीस ना? त्यावर घ्यायची!"

"साबुदाणा म्हणजे काय जेवण का रे?"

दसऱ्यापर्यंत पाठ पुन्हा सोलली गेली. या वेळी गोळ्या लागू पडेनात. चादर अंगाला चिकटायची आणि सोडवताना कातडी घेऊन यायची. केळीच्या पानावर निजवा, ते चिकटत नाही, असं नर्सने सांगितलं. दौलतरावांच्या पुतण्याच्या परसात, टिटवाळ्याला, केळी होत्या. ते रोज जाऊन पानं आणू लागले. धुवायची, पुसायची, मधली शीर तासायची. पानं कोरडी झाली तरी हात पुसत राहायचे.

एका रात्री वहिनींना ताप भरला. इस्पितळातून त्या परत आल्या नाहीत. ताप भरण्याआधी, त्याच संध्याकाळी, दौलतराव नेहमीसारखे पानं घेऊन गेले होते. योगिनी स्वयंपाकघरात होती. त्यांनी पानं दाराशीच ठेवली.

आतून वहिनी म्हणाल्या, "भाऊ, पुतण्याची केळ बोडकी केलीत की हो."

"फुटतात नवी."

"उद्या कोवळं आणा. या अंगाखालच्याची शीर टोचतेय."

"बरं. कोवळं आणतो."

"आणि दार लोटून घ्या. मांजर येतं."

"लोटतो."