येशू कुणाचा चेला?

आमच्या आण्णाप्पाला कुठलीही गोष्ट मुळापासून समजून घ्यायची खोड आहे. वीज खात्यात लाइनमन होता तेव्हा ती कामाला यायची. निवृत्त होऊन निपाणीत घरी बसल्यावर तिचा ताप मला झाला, कारण मी शेजारी.

यंदा त्याच्या मुलीनं, सुविधानं, आपलं लग्न ठरवलं. ती बेळगावात एका दवाखान्यात नर्स. पोरगा तिथंच लॅबमध्ये, नाव सावियो, नंदगडचा, ख्रिस्ती घरातला. बौद्ध रीतीनं, त्रिशरण-पंचशील घेऊन लग्न करायलाही तो तयार होता. पण आण्णाप्पा हो म्हणेना की नाही म्हणेना.

"बाबासाहेबांनी वर्षानुवर्षं तपासून धर्म घेतला," तो म्हणाला. "मग मी सोयरीक तपासू नगो? आधी त्यांचा येशू कोण हुता ते कळू दे."

त्याची बायको तानीबाई कपाळाला हात लावून बसली. पोरीचं लग्न येशूच्या चौकशीवर अडलं.

तपासणी सगळी मोबाइलवर. पहिल्याच व्हिडिओत निघालं, की येशूची मधली वर्षं कुणालाच ठाऊक नाहीत आणि त्या काळात तो भिक्खूंकडं शिकत होता. दुसऱ्यात भिक्खू समुद्रावरून थेट मिसर देशात, म्हणजे इजिप्तात पोचलेले, आणि पहिले ख्रिस्ती त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. आण्णाप्पा नाचतच माझ्याकडं आला.

"आपलाच माणूस निघाला की रं!"

"पुरावा?"

"अंदाज हाय म्हंत्यात. पर लई शिकलेल्या लोकांचा अंदाज."

हा आनंद चार दिवस टिकला. मग कुणीतरी सांगितलं, येशू मिसरात जादू शिकला. थुंकीचा चिखल करून आंधळ्याच्या डोळ्याला लावला तो मांत्रिकाचाच प्रकार, आणि जुन्या भिंतींवरच्या चित्रांत त्याच्या हातात कांडी आहे. आण्णाप्पाचा चेहरा पडला. हा माणूस गंडेदोऱ्यांचा हाडवैरी, आईनं गळ्यात बांधलेला ताईत पोरवयातच तोडून गटारात टाकलेला. आता व्याह्याच्या घरी मांत्रिक? त्यावर कडी म्हणून तिसरा व्हिडिओ आला, की असा माणूस झालाच नव्हता.

"आता नसलेल्या माणसाचं काय तपासू?" असं मला विचारून तो खरोखरच रडकुंडीला आला.

शेवटी नंदगडला जाऊनच विचारायचं ठरलं. तानीबाई आणि सुविधा होत्याच, बोलायला माणूस हवा म्हणून मलाही नेलं. सावियोच्या घरी चहा झाला, आणि आण्णाप्पा घसा खाकरून "तुमचा येशू..." म्हणतोय तोवर सावियोची आजी बाहेर आली. मुठीत मीठ, लाल मिरच्या. सुविधाला समोर बसवून तिनं येशूचं नाव घेत दृष्ट काढली आणि मिरच्या चुलीत टाकल्या. आम्ही सगळे खोकायला लागलो.

"बघा! जादू!" आण्णाप्पा उठून उभा राहिला. "मिसरातनं आलेली!"

"मिसर कुठलं?" आजी म्हणाली. "शेजारच्या जयाबाईनं शिकवलंय. ती खंडोबाचं नाव घ्यायची. म्हणाली, तू तुझ्या देवाचं घे, चालतंय."

आण्णाप्पा मटकन खाली बसला. म्हणजे जादू येशूची, की जयाबाईची? आणि जयाबाई कुणाकडं शिकली? निरोप घेतानाही त्यानं होकार दिला नाही. सावियोचा चेहरा बघवत नव्हता.

परतीच्या बसमध्ये तानीबाई त्याच्या शेजारी होती, सुविधा पुढच्या बाकावर, मी मागं. सुविधा एकदम वळली.

"आप्पा, येशू कुठं शिकला ते सगळ्यांस्नी विचारलासा. सावियो कसा हाय, ते मला एकदा तरी विचारलासा?"

आण्णाप्पा बारीक आवाजात म्हणाला, "कसा हाय?"

"एखादा पेशंट गेला की मला लई रडू येतंय. त्यो शेजारी येऊन बसतो. उगी र्‍हा म्हणत न्हाय. माझं रडून हुईस्तोवर बसतो."

आण्णाप्पानं तानीबाईकडं बघितलं. "असं बसतंय व्हय कोण?"

"मला काय ठावं?" तानीबाई म्हणाली. "माझ्याजवळ कोण बसलंय कधी?"

कुठल्याच व्हिडिओत याचं उत्तर नव्हतं. भर बसमध्ये आण्णाप्पाला रडू फुटलं. मला त्याची कीव आली आणि रागही आला. "तारीख धरा," एवढंच तो सुविधाला कसंबसं म्हणाला आणि परत रडायला लागला. तानीबाईनं त्याला गप्प केलं नाही, ती शेजारी नुसती बसून राहिली.